घरी केलेल्या लूरची चाल: लिपच्या आधी पोटातले वजन पाहावे

मासे गळाला लावण्यासाठी घरी कोरलेला लाकडी मासा, म्हणजे लूर, पाण्यात नीट पोहत नसेल, तर करणाऱ्याचा पहिला संशय त्याच्या तोंडाखालच्या लिपवर, म्हणजे तिथे तिरक्या बसवलेल्या पातळ पट्टीवर जातो. ती लहान पडली असे समजून मोठी लिप बसवली जाते, मग लूर वेगात उलटू लागतो, आणि शेवटी लाकूडच वाईट होते असा निष्कर्ष काढून तो डब्यात पडून राहतो. अनेक वर्षे लाकूड तासल्यावर आणि इतरांचे लूर हातात घेऊन पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे की अशा बहुतेक लूरमध्ये दोष लिपचा नसून पोटात शिसे कुठे बसवले आहे याचा असतो. हा लेख त्याविषयी आहे.

लूरची चाल कशातून तयार होते हे आधी समजून घ्यावे लागते. आपण दोर गुंडाळण्याचे रील फिरवतो तेव्हा दोर लूरला नाकाच्या कडीतून पुढे ओढतो आणि तिरकी बसवलेली लिप समोरचे पाणी अडवून नाक खाली दाबते. अडवलेले पाणी लिपच्या कडांवरून निसटताना एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूला भोवरा सोडते. अडथळ्यामागे आळीपाळीने सुटणाऱ्या अशा भोवऱ्यांच्या रांगेचे गणित थिओडोर फॉन कारमान यांनी 1911 साली मांडले. पुलाच्या खांबामागे आणि वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारेमागे जे घडते, तेच आपल्या बोटभर लिपमागेही घडत असते. प्रत्येक भोवऱ्याबरोबर दाब एका बाजूला कमी होतो, लूर तिकडे खेचला जातो, आणि लगेच दुसऱ्या बाजूची पाळी येते. या ओढाताणीतून दोन हालचाली जन्म घेतात: शेपटी डावी-उजवीकडे मारणे आणि अंग कुशीवर कलून पुन्हा सरळ होणे. चांगल्या लूरमध्ये दोन्ही असतात. त्यांचे प्रमाण किती ठेवायचे हे मात्र आपण कोणता मासा डोळ्यांसमोर ठेवला आहे यावर ठरते.

म्हणजे लिप लूरला सतत अस्थिर करत असते, आणि पोटातले वजन त्याला सतत सावरत असते. सावरणारी बाजू फार बलवान झाली की लूर काठीसारखा सरळ येतो, फार दुबळी झाली की तो उताणा होतो. म्हणूनच लिप वाढवणे हा अर्धाच उपाय ठरतो, कारण त्याने अस्थिरता वाढते, पण सावरण्याची व्यवस्था होती तशीच राहते.

मुंबईच्या पाण्यात या चालीला जरा जास्तच महत्त्व आहे. वसईची खाडी, मनोरी-मार्वेची खाडी, ठाण्याची खाडी, सगळीकडे पाणी गाळाने गढूळ असते, आणि उधाणाच्या दिवसांत, भरती साडेचार मीटरच्या वर जाते तेव्हा, तळाचा चिखल इतका ढवळला जातो की हातभर खालचे काही दिसत नाही. अशा पाण्यात जिताडा किंवा तांब यांसारखा शिकारी मासा आपल्या लूरवर किती सुबक खवले रंगवले आहेत हे पाहून येत नाही. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी पार्श्वरेषा असते, तिला पाण्यातली हलकी, संथ कंपने कळतात, साधारणपणे 200 हर्ट्झच्या आतली. जिताडा खारफुटीच्या मुळांच्या किंवा धक्क्याच्या खांबांच्या आडोशाला दबा धरून बसलेला असतो, आणि बोयी माशाचे पिल्लू जवळून गेल्याची खबर त्याला डोळ्यांइतकीच या रेषेतूनही मिळते. त्यामुळे एखादा संध्याकाळचा वेळ द्यायचाच असेल, तर तो रंगकामापेक्षा चालीला द्यावा असे मी आग्रहाने सांगतो.

फिनलंडच्या लौरी रापाला यांनी 1936 च्या सुमारास आपला पहिला लूर बुचातून कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला, ही गोष्ट या छंदात सर्वांना ठाऊक असते. मला तिच्यातला वेगळा भाग मोलाचा वाटतो. मोठे मासे थव्यातला नेमका तोच लहान मासा उचलतात जो जखमी आहे आणि थोडा वेडावाकडा पोहतो, हे त्या माणसाने होडीतून पाहिले होते, आणि सगळी कारागिरी त्या एका हालचालीसाठी केली होती.

आता लाकूड. मुंबईत सर्वांत सहज मिळते ते फर्निचरच्या कामातले उरलेले सागाचे तुकडे. साग टिकाऊ असतो, पाणी लवकर पीत नाही, स्क्रू घट्ट धरतो, आणि तरीही लूरसाठी मी तो टाळतो. सागाचा लूर स्वतःच इतका जड असतो की त्याला तरंगता ठेवायचे तर शिसे फारच थोडे घालता येते. मग वजन सगळ्या अंगभर पसरलेले राहते, नाकातही आणि शेपटीतही. बाल्सा किंवा पांगाऱ्यासारखे हलके लाकूड घेतले, तर त्याच आकाराच्या लूरमध्ये भरपूर शिसे मावते आणि ते आपल्याला हवे तिथे, एका ठिकाणी, पोटाच्या तळाशी ठेवता येते. हलक्या लाकडाचे लूर जास्त जिवंत पोहतात याचे कारण लाकडाच्या हलकेपणापेक्षा या मोकळिकीत आहे. सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे-खेळणी पूर्वापार ज्या पांगाऱ्याची होत आली, तो सागाच्या निम्म्याहूनही हलका असतो, धारदार पटाशीने सुंदर कापला जातो, आणि गावाकडून येताना एखादी वाळलेली फांदी आणली तर वर्षभर पुरते. तो मऊ असल्यामुळे कडी नुसती स्क्रूने बसवून चालत नाही. नाकापासून शेपटीपर्यंत एकच स्टेनलेस स्टीलची तार आरपार घालावी, म्हणजे दात लाकडात रुतले तरी मासा सुटत नाही.

वजनाच्या जागेबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्यात, कारण बऱ्याच जणांच्या मनात त्यांची सरमिसळ झालेली असते. पहिली गोष्ट वजन किती खाली आहे ही. पाणी लूरला वर ढकलते ते त्याच्या आकारमानाच्या मध्यातून आणि पृथ्वी खाली ओढते ती त्याच्या वस्तुमानाच्या मध्यातून. या दोन बिंदूंतले अंतर जितके जास्त, तितका लूर कललेल्या अवस्थेतून जोराने सरळ होतो. दुसरी गोष्ट वजन लांबीच्या दिशेने किती पसरले आहे ही. शेपटी मारताना लूर आपल्या मध्याभोवती फिरतो, आणि मध्यापासून दूर असलेले वजन त्या फिरण्याला विरोध करते. हा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मध्यापासून 1 सेंटिमीटरवर ठेवलेला शिशाचा मणी 4 सेंटिमीटरवर नेला, तर त्याचा विरोध चौपट नव्हे, सोळापट होतो. समुद्रावरून दुपारी येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्याविरुद्ध लांब फेकता यावे म्हणून शेपटीत शिसे ठासण्याचा मोह मुंबईत सर्वांना होतो, आणि तिथेच चाल मरते. लांब फेक आणि जिवंत चाल दोन्ही हवी असतील, तर पोटात नळी बसवून तिच्यात सरकणारी स्टीलची गोळी ठेवण्याचा मार्ग आहे. फेकताना ती शेपटीकडे जाते आणि ओढायला लागल्यावर पुढे येते. त्यासाठी लूर दोन फाळक्यांत कोरून चिकटवावा लागतो, आणि ते काम हात बसल्याशिवाय करू नये.

एक उदाहरण जवळून सांगतो. कोळीवाड्यातला एक तरुण मित्र स्वतः केलेला लूर घेऊन आला. 12 सेंटिमीटर लांब, बोयीच्या आकाराचा, सागाचा, आणि कोरलेला इतका सुरेख की कल्ल्यांची रेषाही दिसत होती. लिप जुन्या सीडीतून कापलेली होती, जी कल्पना उत्तम आहे, कारण सीडी 1.2 मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेटची असते आणि ते सहजासहजी तुटत नाही. तो म्हणाला, "दादा, हळू ओढला तर लाकडाच्या तुकड्यासारखा येतो, आणि जोरात ओढला की उताणा होतो. दोनदा लिप मोठी केली." हळू असताना निर्जीव आणि वेगात अस्थिर, ही दोन्ही लक्षणे एकाच लूरमध्ये दिसली की माणूस गोंधळतो, कारण एकाला लिप मोठी हवी असे वाटते आणि दुसऱ्याला लहान. पण दोन्हींचे मूळ एकच होते. त्याने सुमारे 4 ग्रॅमचे दोन तुकडे घातले होते, एक कल्ल्याखाली आणि एक शेपटीजवळ. दोन्ही टोके जड झाल्यामुळे हळू वेगात शेपटी हलायला तयार नव्हती, आणि जड सागात वस्तुमानाचा मध्य पुरेसा खाली गेलेला नसल्यामुळे वेगात सावरण्याची ताकदही नव्हती.

आम्ही लूरला हात लावण्याआधी तो बादलीत सोडून पाहिला. बोटाने कुशीवर पाडला तर सरळ व्हायला वेळ घेत होता, आळसावल्यासारखा. मग पाठीच्या बाजूने 8 मिलिमीटरच्या ड्रिलने चार भोके सव्वा सेंटिमीटर खोल पाडली, त्यांची तोंडे पातळ लाकडी चकत्या आणि इपॉक्सीने बंद केली, म्हणजे वरचे लाकूड जाऊन तिथे हवेच्या पोकळ्या राहिल्या. शेपटीतले शिसे आणि कल्ल्याखालचे शिसे काढून दोन्ही नाकापासून 5 सेंटिमीटरवर, पोटाच्या अगदी तळाशी, पुढच्या हुकच्या कडीमागे एकत्र बसवले. मूळची लहान लिप परत लावली. आता बादलीत कुशीवर पाडल्यावर तो एक-दोन हेलकावे खाऊन चटकन सरळ होत होता. मार्वेला भरती आणि ओहोटीच्या मधल्या स्थिर पाण्यात ओढून पाहिला, तेव्हा रीलच्या अर्ध्या फेऱ्यातच शेपटी चालू झाली आणि जोरात ओढल्यावरही पोट खालीच राहिले. लाकूड तेच होते, आकार तोच होता, आणि लिप तर त्याने अडगळीत टाकलेली पहिलीच होती.

बादलीतली ही कुशीवर पाडण्याची परीक्षा मी प्रत्येक लूरला देतो. पाडल्याबरोबर खटकन उभा राहणारा आणि अजिबात न डुलणारा लूर फार ताठ असतो, त्याचे वजन थोडे वर घ्यावे किंवा कमी करावे. वजन कायमचे बसवण्याआधी हवे तिथे तात्पुरते जोडून पाहता येते. सोल्डरिंगची शिशाची तार पुढच्या हुकच्या दांडीला वेटोळे घालून गुंडाळली, की चौथाई ग्रॅमच्या हिशेबाने बदल करून लगेच परिणाम पाहता येतो. शिसे विषारी आहे, तेव्हा कापल्यावर हात धुवावेत आणि घराच्या स्वयंपाकघरात ते कधीही वितळवू नये. मी वितळवतच नाही, पत्रा कापून गुंडाळतो.

एक सावधगिरी मुंबईकरांनी विशेष बाळगावी. नळाच्या पाण्यात जुळवलेला लूर समुद्रात तसाच वागत नाही, कारण समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते. 20 ग्रॅमचा जो लूर बादलीत ना वर ना खाली असा अधांतरी थांबतो, त्याला समुद्र अर्धा ग्रॅम जास्त उचलतो आणि तो वर येतो. हळू बुडणारा लूर करायचा असेल, तर बादलीत लिटरला 35 ग्रॅम मीठ विरघळवून मगच वजन ठरवावे. पावसाळ्यात खाडीत डोंगराचे पाणी उतरते तेव्हा तोच लूर पुन्हा बुडू लागतो, म्हणून जुलै-ऑगस्टसाठी मी हुकभोवतीची थोडी तार काढून ठेवतो.

वजन मार्गी लागले की लिपकडे वळावे. तिच्याबाबत मुख्य प्रश्न कोनाचा आहे. लिप शरीराच्या मध्यरेषेशी जवळजवळ काटकोनात, 70 अंशांच्या आसपास बसवली, तर लूर वरच्या पाण्यात रुंद झोके घेत येतो, आणि ती पुढे झुकवून तीस-पस्तीस अंशांवर आणली तर तो खोल जातो आणि त्याची हालचाल आखूड, जलद होते. मुंबईचा खडकाळ किनारा उथळ आहे, त्यामुळे किनाऱ्यावरून गरवणाऱ्याला उभी, आखूड लिपच उपयोगी पडते. रुंदी वाढवली की झोका वाढतो. कड जाड आणि गोलसर असेल तर पाणी तिच्यावरून लोळत जाते आणि भोवरे सुस्त सुटतात, म्हणून लिप पातळ असावी आणि कड पॉलिश पेपरवर घासून धारदार करावी. सीडीखेरीज सर्किट बोर्डाचा कोरा फायबरग्लासचा पत्रा लॅमिंग्टन रोडवर मिळतो. तो एक मिलिमीटरच्या आत असूनही ताठ राहतो आणि खडकावर आपटला तरी ॲक्रिलिकसारखा तडकत नाही.

लिपची खाच हा लूरमधला सर्वांत नाजूक काप आहे. ती एका बाजूला केसभर जरी कलली तरी लूर आयुष्यभर एकीकडे ओढतो. लाकूड माशाच्या आकारात आल्यावर ती सरळ कापणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून ठोकळा चौकोनी असतानाच मध्यरेषा चारही बाजूंनी आखावी, खाच आणि तारेची भोके तेव्हाच पाडून घ्यावीत, आणि मगच कानस हातात घ्यावी.

नाकाची कडी लिपच्या जितकी जवळ, तितका लिपचा तरफेसारखा जोर कमी आणि चाल आवरती. ती वर नाकाच्या टोकाकडे नेली की झोका रुंद होतो, पण उलटण्याचा धोकाही वाढतो. जिताड्यासाठी मी कडी थोडी वर ठेवतो, कारण त्याच्यासमोरून लूर सावकाश न्यायचा असतो आणि हळू वेगात चाल सुरू होणे सर्वांत महत्त्वाचे असते. त्या लूरचे अंगही दोन्ही बाजूंनी चपटे ठेवतो, चपटे अंग कलताना जास्त पाणी हलवते. होडीतून सुरमईसाठी ओढायचा लूर याच्या उलट करावा: गोलसर अंग, लहान लिप, खाली आलेली कडी आणि भरपूर वजन.

चाल बरी झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवणे कठीण असते, कारण हलणारी शेपटी डोळ्यांना नुसती धूसर दिसते. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला 240 फ्रेमचे स्लो मोशन असते, त्याचा इथे फार उपयोग होतो. पोहणारा मासा साधारणपणे आपल्या लांबीच्या एक पंचमांश रुंदीत शेपटी हलवतो, म्हणजे 10 सेंटिमीटरचा मासा 2 सेंटिमीटरच्या पट्ट्यात, आणि सेकंदातल्या झोक्यांची संख्या गुणिले ही रुंदी भागिले वेग हे प्रमाण अनेक जातींच्या माशांत 0.2 ते 0.4 च्या दरम्यान येते. 10 सेंटिमीटरचा लूर सेकंदाला 50 सेंटिमीटर येत असेल, तर या हिशेबाने त्याने सेकंदाला 5 ते 10 पूर्ण झोके घ्यायला हवेत, म्हणजे एका झोक्याला 24 ते 48 फ्रेम. माझा लूर 60 फ्रेम घेत असेल तर त्याची टोके जड आहेत असे मी समजतो, आणि 15 घेत असेल तर लिप अरुंद आहे का ते पाहतो. जखमी माशाची चाल या चौकटीत बसलीच पाहिजे असे नाही, पण दोन लूरची तुलना करायला इतका प्रामाणिक मापदंड माझ्याकडे दुसरा नाही.

ही सर्व परीक्षा शेवटचा थर देण्याआधी, पण हुक आणि तो अडकवायची स्प्लिट रिंग, म्हणजे दुहेरी वेढ्याची कडी, लावूनच करावी. समुद्रातले जाड ट्रेबल (तीन टोकांचे) हुक पोटातल्या शिशाइतकेच जड असू शकतात, आणि मागचा हुक एक नंबर मोठा लावला तरी शेपटी मंदावते. इपॉक्सीचे दोन थरही एखाद-दोन ग्रॅम वाढवतात, आणि तेही पाठीवर तितकेच बसतात, हे गृहीत धरून पोटातले वजन आधीच थोडे जास्त ठेवावे. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत इपॉक्सीवर चिकट, दुधाळ पापुद्रा धरतो. त्या दिवसांत कोरडा दिवस पाहून दार-खिडक्या बंद करून दिव्याच्या उबेत थर सुकवावा, किंवा सरळ पाऊस थांबण्याची वाट पाहावी.

उरते ती किनाऱ्यावरची बारीक जुळवणी. लूर आपल्याकडे येताना आपल्या डावीकडे ओढत असेल, तर त्याचे नाक आपल्याकडे धरून कडी पकडीने आपल्या उजवीकडे वाकवावी, उजवीकडे ओढत असेल तर डावीकडे. वाकवणे इतके थोडे असावे की डोळ्यांना जेमतेम कळेल, आणि प्रत्येक वेळी पुन्हा फेकून पाहावे. कडी वाकवून दोष जातच नसेल, तर लिपची खाच किंवा पोटातले वजन मध्यरेषेवर नाही असे समजून लूर घरी न्यावा. दोर कडीला घट्ट गाठीने बांधू नये. सैल फासाची गाठ किंवा छोटी स्नॅप (उघडमीट होणारी कडी) लावावी, नाहीतर जाड लीडर, म्हणजे दोराच्या टोकाचा जाड तुकडा, नाकाला धरून ठेवतो आणि इतक्या कष्टाने आणलेला झोका तिथेच अडतो. शेवटचा पारदर्शक थर देण्याआधी मी पोटावर पेन्सिलीने शिशाचे वजन, नाकापासूनचे अंतर आणि लिपचा कोन लिहून ठेवतो, म्हणजे एखादा चांगला पोहणारा लूर खडकात तुटून गेला तर त्याच्या जोडीच्या भावंडावरून तो पुन्हा जसाच्या तसा करता येतो.